झुरळांची साक्ष

१

पडद्यावरच्या इन्स्पेक्टरने सातही संशयितांना दिवाणखान्यात गोळा केलं, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि चित्र गेलं.

सोमवार, दुपारचे चार बेचाळीस. सिनेमा लागून चार दिवस झाले होते आणि चारही दिवस थिएटरात अंधार झाला होता, तोही खुन्याचं नाव फुटण्याआधी. आवाज आणखी दोन सेकंद चालला. मग वर मशीनच्या खोलीत बसलेल्या ऑपरेटरने तोही बंद केला. नुसत्या कानांना सिनेमा दाखवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"अहो, नाव तरी ऐकू द्या!" आतून कुणीतरी ओरडलं.

खाली तिकीटखिडकीत तिकीटबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. एकोणीस वर्षं त्या या खिडकीत बसत होत्या. काचेला खाली अर्धगोल भोक होतं आणि त्यातून माणसाचा फक्त हात आत यायचा. गावातली निम्मी माणसं त्यांना चेहऱ्याने ठाऊक नव्हती, पण हात पाहिला की हा कोण, आज घरून भांडून आलाय की काय, हे त्या सांगू शकत. तोंडाला खोटं बोलायची सवय असते, हाताला नसते, असं त्यांचं मत होतं.

आता भोकातून त्रेचाळीस हात एकामागून एक आले आणि उद्याचा फुकट पास घेऊन गेले. सगळे शुक्रवारचेच. चार दिवसांत त्यांचं एक कुटुंबच झालं होतं. दोन निवृत्त मास्तरांची शनिवारी ओळख झाली, रविवारी भांडण झालं, आज ते शेजारी बसले होते. एक आजी उशी आणि थर्मास घेऊन यायला लागल्या होत्या.

"खुनी तो डॉक्टरच," आजींचा हात म्हणाला. "चार दिवस सांगतेय मी."

"उद्या कळेल, आजी."

"कालसुद्धा हेच म्हणाला होतात."

शेवटचा हात निघून गेला तसा मागच्या दाराने मॅनेजर आत आला. त्याने चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"बाई, चार दिवसांत काय उजेड पाडला तुमच्या बंधुराजांनी! मालकीणबाईंचा फोन होता. उद्या तीनच्या खेळाला त्या स्वतः येतायत. उद्या अंधार झाला तर परवापासून मशीनच्या कंपनीचा माणूस लांबून बटणं दाबून मशीन चालवणार, आणि ऑपरेटरने किल्ल्या टेबलावर ठेवायच्या."

"आणि कुणी मुद्दाम करत असेल तर?"

"तर मला नाव द्या. उद्या तीनच्या आत."

ऑपरेटर म्हणजे तिकीटबाईंचा सख्खा थोरला भाऊ. एकतीस वर्षं याच मशीनच्या खोलीत काढलेला, अविवाहित, बहिणीच्याच घरी राहणारा. तो जिना उतरून खिडकीपाशी आला तेव्हा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातातच होता.

"उद्याची वाट कशाला बघायची?" तो म्हणाला. "माझ्या हातांना आता काम कळेनासं झालंय. दुसरं काय?"

त्या जुडग्यातल्या किल्ल्या एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. तिकीटबाईंनी आधी दादाचा हात पाहिला, मग तोंड.

"किल्ल्या खिशात ठेव," त्या म्हणाल्या. "आणि वर चल."

२

मशीनच्या खोलीत जायला बावीस पायऱ्या. खोली देव्हाऱ्यासारखी स्वच्छ. इथे खायचं काही आणायला बंदी होती. बिस्किटाचा चुरा पडला तर दादा फडकं घेऊन धावायचा. मधोमध कपाटाएवढं मशीन उभं होतं.

"रोज काय करतोस ते पहिल्यापासून सांग. मला काही कळत नाही असं समज."

"समजायचं कशाला?" दादा म्हणाला, पण सांगायला लागला. "दीड वाजता येतो. मेन बंद करतो. हे दिव्याचं घर. याच्या दाराला इथे आत एक छोटा स्विच आहे. दार लावलं की याची दोन टोकं एकमेकांना टेकतात आणि मशीनला कळतं की दार बंद आहे, दिवा लावायला हरकत नाही. टोकांवर मळ बसला तर मशीनला वाटतं दार उघडं आहे. ते दिवा घालवून टाकतं."

"म्हणजे हाच बिघाड."

"हाच. म्हणून तर मी रोज त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो. फवाऱ्याचा डबा असतो. टोकांवरचा मळ धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो, मागे थेंबभरही राहत नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं वाळू देतो, मग दार लावतो. कंपनीवाले म्हणतात महिन्यातून एकदा पुरे. आंघोळ काय महिन्यातून एकदा करतात?"

"वाळलंय की नाही हे बोट लावून बघतोस?"

दादाने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी देवळात चप्पल घातली होती. "साफ केलेल्या टोकाला बोट लावायचं नसतं. बोटाचं तेल लागतं. एकतीस वर्षांत लावलं नाही."

"आणि बिघडल्यापासून?"

"आणखी कसोशीने मारतोय. शुक्रवारी दोनदा, शनिवारी तीनदा, काल चारदा, आज सहा वेळा."

भिंतीवर टांगलेल्या वहीत दादाच्या सुबक अक्षरात अंधाराच्या वेळा होत्या. शुक्रवार चार त्रेपन्न. शनिवार चार एकोणपन्नास. रविवार चार सत्तेचाळीस. सोमवार चार बेचाळीस. शुक्रवारी इन्स्पेक्टर "खुनी याच खोलीत आहे" इथपर्यंत पोचला होता. आज बिचाऱ्याचा नुसता घसा साफ झाला.

तिकीटबाईंनी एकेका वेळेवर बोट ठेवत वही वाचली. खोडी काढणारा माणूस वेळ पाळतो. चार दिवस एकाच वाक्यावर दिवा घालवला असता तर ती खोडी. ही वेळ मागे मागे सरकत होती. म्हणजे काहीतरी रोज थोडं थोडं साचत होतं.

"मेन बंद आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि दादा हो म्हणाला तशी त्यांनी स्विचच्या टोकावर सरळ बोट टेकवलं.

दादा किंचाळायचाच बाकी होता.

बोट बाहेर आलं ते चकचकीत. त्यावर तेलाचा थर होता आणि तेलाला धुळीचे तंतू चिकटले होते. बाईंनी बोट नाकाशी नेलं. लिंबाचा वास.

"दादा, याला लिंबाचा वास येतोय."

"मला कसला येणार? पूर्वी कार्बनच्या काड्या जाळून मशीन चालायचं, त्या धुरात नाक गेलं ते गेलंच. मागच्या महिन्यात दूध करपून पातेलं काळं झालं, मी शेजारीच पेपर वाचत होतो."

"तो क्लीनरचा डबा दाखव बघू."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"या इमारतीत प्रत्येकाचा डोळा त्या डब्यावर. मागचे तीन डबे आणले, माझ्या वाट्याला अर्धा आला नाही. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी असा ठेवलाय की डोळ्यासमोर असून दिसणार नाही. रोज माझ्याच हाताने मारतो आणि माझ्याच हाताने ठेवतो. त्याला कुणी हात लावणं शक्य नाही."

"मग हे तेल आलं कुठून?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पावलांच्या आधी दारातून आला तो लिंबाचा घमघमाट.

३

आला तो डोअरकीपर. तोंडात लिंबाची गोळी, हातात टॉर्च.

"बसा," तिकीटबाई म्हणाल्या. "तोंडातली गोळी कुठली?"

"घसा बसलाय हो. चार दिवस लोकांना 'शांत बसा, शांत बसा' सांगतोय. तुम्हाला हवीय?"

बाईंनी गोळीऐवजी टॉर्च घेतला आणि बटण दाबलं. खटकन लागला. बंद केला, खटकन विझला. पंधरा वर्षं हा टॉर्च मांडीवर दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे.

"हा इतका शहाणा कधी झाला?"

डोअरकीपर टोपीशी चाळा करू लागला. "दोन महिन्यांपूर्वी. यांच्या डब्यातले दोन फुसकारे मारले बटणात. दोनच हं!"

"चोर!" दादा ओरडला.

"अहो, पण तीन आठवड्यांपूर्वी परत गेलो तर डबाच नाही! सगळं कपाट उपसलं. कुठे ठेवता हो?"

"बघ," दादा बहिणीकडे वळून विजयाने म्हणाला. "सापडला नाही."

डोअरकीपरला सोडून बाई खाली मॅनेजरच्या खोलीत गेल्या. दार उघडताच दाढीनंतरच्या लोशनचा वास आला. लिंबाचाच. लिंबावर माणसं धरायची म्हटलं तर सगळी इमारत आत जाईल, असं म्हणत त्या खुर्चीवर बसल्या.

मॅनेजर पुन्हा चष्मा पुसत होता.

"नवाच ना हा चष्मा?"

"दीड महिना झाला. आणि बघा, धुकं पडल्यासारखं दिसतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांना तीनदा दाखवलं. मोतीबिंदू नाही म्हणाले, पण मला पटत नाही. जिवाला घोर लागलाय हो, बाई. घरी सांगितलं नाही अजून."

बाईंनी चष्मा उजेडात धरला. काच कसली, प्लॅस्टिकच होतं ते, आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या.

"कशाने पुसता?"

मॅनेजरने घसा खाकरला. अगदी पडद्यावरच्या इन्स्पेक्टरसारखा. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? ते वरचं कॉन्टॅक्ट क्लीनर. चटकन वाळतं, डाग राहत नाही..."

"आणि प्लॅस्टिक खातं. डोळे ठणठणीत आहेत तुमचे. काच बदला."

मॅनेजर इतका हरखला की त्याने टेबलावरची पेन्सिल दोनदा उचलून दोनदा खाली ठेवली. "मोतीबिंदू नाही? खरंच? बाई, मी मृत्युपत्र करायला निघालो होतो!"

"मोतीबिंदूने कुणी मरत नाही. शेवटचा डबा कधी वापरलात?"

"तीन आठवडे झाले. नंतर मिळालाच नाही. कपाट पाहिलं मी. पेचकस, चिकटपट्टी, फडकी, झुरळांचं औषध, फ्यूज, जुनी पोस्टरं. क्लीनर नाही. कुठे ठेवतात हो तुमचे बंधू?"

तिकीटबाईंनी मनात हिशेब मांडला. ज्यांना डबा हवा होता त्यांना तो सापडत नव्हता. आणि ज्याला सापडला होता, त्याने त्यात तेल घालून ठेवलं होतं? फवाऱ्याच्या बंद डब्यात काही घालताही येत नाही. कोडं सुटायच्या ऐवजी गाठ आवळत चालली होती.

त्या उठल्या तेव्हा समोरच्या कॅन्टीनमधून आरोळी आली. "मेलं! मेलं एकदाचं!"

४

मेलं होतं ते झुरळ. कॅन्टीनवाला ते कागदावर घेऊन नाचवत होता.

"बघा बाई, पाठीवर पडलंय. सकाळपासूनचं. अजून उठलं नाही!"

"मेलेलं उठतं कधी?"

"आमच्याकडची उठतात!" कॅन्टीनवाल्याने स्टूल ओढून दिलं. लिंबू कापून चहात पिळलं. बाईंनी लिंबाकडे पाहून सुस्कारा सोडला. "मागच्या आठवड्याची गोष्ट. सोमवार, मंगळवार, बुधवार. मावशी सकाळी सात-आठला झाडायला येते, तिला म्हटलं, झुरळांनी उच्छाद मांडलाय, काहीतरी मार. तिने मारलं कसलंसं औषध. झुरळं पटापट उलटी पडली. मी म्हटलं, सुटलो. दहा मिनिटांनी बघतो तर एकेक उठतंय! मिश्या हलवतंय, इकडे तिकडे बघतंय, आणि निघालं चालत. जशी काही दुपारची झोप काढून उठली."

"औषध जुनं असेल."

"मीही तेच म्हटलं. मावशीला म्हटलं, बाई, तू मारतेस की अंगाई गातेस? तिला लागलं ते. आणि गुरुवारी काय चमत्कार झाला कुणास ठाऊक. तीच मावशी, तोच डबा, पण पडलं ते परत उठलं नाही. गुरुवारपासून मरतायत. गंमत आहे की नाही?"

"तोच डबा?"

"तोच की. हिरवं टोपण, वर झुरळाचं चित्र."

तिकीटबाईंनी चहा तसाच ठेवला. बुधवारपर्यंत झुरळं नुसती पडायची आणि उठायची. गुरुवारपासून मरायला लागली. आणि शुक्रवारी वर दिवा गेला.

"मावशी आत्ता कुठे भेटेल?"

"ती दुपारी बाराला घरी जाते. उद्या सकाळी येईल. का हो? तिने काय केलं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण झुरळं खोटं बोलणार नाहीत."

५

घरी संध्याकाळी दादा जेवायला बसेना. टेबलावर पाटी पालथी घालावी तशी त्याने खिशातली सगळी हत्यारं ओतली आणि एकेक पुसायला घेतलं. दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आधी माणूस वस्तू पुसतो, तसं.

"कंपनीचा माणूस लांबून चालवणार म्हणे," तो म्हणाला. "म्हणजे खोलीत कुणीच नसणार. मशीन आजारी पडलं तर त्याच्या कपाळाला हात कोण लावणार?"

"तू आधी चार घास खा."

"भूक नाही."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याखालचं कपाट उघडलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

त्यांच्या घरातलं झुरळांचं औषध नागडं होतं. डब्यावरचं कागदी वेष्टन कुणीतरी ओलं करून, हलक्या हाताने सोलून नेलं होतं. डोक्यावर टोपण होतं, पण लाल, आणि ते नीट बसतही नव्हतं. नुसतं टेकवून ठेवलेलं. हे त्यांनी दोन-तीन आठवड्यांपूर्वीही पाहिलं होतं आणि ओलाव्याने कागद गळला असेल म्हणून सोडून दिलं होतं.

त्या तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मॅनेजरने सांगितलेली यादी मनात पुन्हा म्हटली. पेचकस, चिकटपट्टी, फडकी, झुरळांचं औषध. ज्या खोलीत बिस्किटाचा चुरा टिकत नाही, तिथे झुरळ जाईल कशाला? आणि जिथे झुरळ जात नाही, तिथे त्याचं औषध कशाला?

बाहेर दादा पक्कड पुसत होता. डोळ्यासमोर असून दिसणार नाही, म्हणाला होता.

बाईंना एकदम हसू फुटलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते विरलं. गुन्हेगार सापडला तर दादाची नोकरी वाचणार, असं त्या दुपारपासून धरून चालल्या होत्या. आता सापडत होता तो गुन्हेगार बाहेर टेबलाशी बसून पक्कड पुसत होता.

पण एक दुवा अजून हवा होता. तो उद्या सकाळी झाडू घेऊन येणार होता.

६

मंगळवारी आठ वाजता तिकीटबाई थिएटरच्या पायऱ्यांवर बसलेल्या पाहून मावशी दचकली.

"काय हो ताई, आज इतक्या लवकर?"

"मावशी, हात दाखवा."

"भविष्य सांगायला लागलात की काय?" मावशीने हात पुढे केले. बोटांची टोकं पांढरी, कोरडी ठक्क, भेगाळलेली. आठ दिवसांपूर्वी कुठल्यातरी द्रावणाने कातडीतलं सगळं तेल शोषून नेलं होतं आणि ती अजून भरून आली नव्हती.

"वरच्या खोलीतलं झुरळांचं औषध तुम्ही घेतलंत?"

मावशीचा चेहरा उतरला. पण ती मान ताठ ठेवून बोलली.

"घेतलं. खोटं नाही बोलणार. वरती झुरळ औषधाला नाही आणि खाली पलटण. म्हटलं, सकाळी न्यावं, दुपारच्या आत जागेवर ठेवावं. तीन दिवस मारलं. मेली एक नाहीत. हात तेवढे फाटले. आणि तो कॅन्टीनवाला मला म्हणतो अंगाई गातेस! गुरुवारी रागारागाने मारत सुटले तर डबा संपला."

"मग?"

"मग काय, दुसऱ्याची वस्तू. तसाच रिकामा ठेवणार होते की काय? कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, रिकामा डबा दाखवला, म्हटलं, अगदी हाच द्या. नवा आणला. आता नवा पुरता भरलेला, आणि मी उचलला होता तेव्हा त्यांचा निम्माच होता. निम्मा मी झुरळांवर मारला, हाताने तोलून पाहिला, आणि बाराच्या आत जागेवर ठेवला. नंतर शपथेला हात लावला नाही. ताई, या इमारतीत सगळे त्या ऑपरेटरदादांचं सामान उचलतात. भरून ठेवणारी मी एकटी!"

हे मात्र अक्षरशः खरं होतं. आणि चोरांना जे जमलं नव्हतं, ते या एका प्रामाणिक बाईने करून ठेवलं होतं.

"तो रिकामा डबा टाकलात?"

"टाकते कशाला? भंगारात जातो तो." मावशीने जिन्याखालच्या पोत्यात हात घालून डबा काढला. हिरवं टोपण, झुरळाचं चित्र. तिकीटबाईंनी कागदाच्या कडेखाली नख घातलं आणि ओढलं.

झुरळाच्या पाठीखालून मोठी लाल अक्षरं वर आली: कॉन्टॅक्ट क्लीनर. तो झुरळांना नुसता गारठवायचा आणि उडून जायचा.

मावशी मटकन पायरीवर बसली. "अगं बाई! मग मी वर ठेवलं ते?"

"खरंखुरं झुरळांचं औषध. तेलकट, लिंबाच्या वासाचं."

"आणि ऑपरेटरदादा ते..."

"पाच दिवस मशीनला पाजतायत. बिघडलं की आणखी पाजतायत. दहा मिनिटं वाळू देतायत, आणि नियम म्हणून बोट लावत नाहीत."

७

दादाला सांगायला बावीस पायऱ्या चढाव्या लागल्या. बाईंनी दोन डबे त्याच्यापुढे ठेवले, एक सोललेला रिकामा, एक कपाटातला तळाला आलेला, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी त्याने स्वतःहून स्विचच्या टोकाला बोट लावलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग बोट फडक्याला पुसलं.

"हे कुणाला ठाऊक आहे?"

"मला आणि मावशीला. मावशी रडतेय. दादा, क्लीनर मी येताना आणलाय. साफ कर, खेळ होईल, कुणाला काही सांगायची गरज नाही. मॅनेजरला मी काहीही सांगेन. उंदीर सांगेन."

"आणि मावशी जन्मभर आपणच मशीन मारलं म्हणत बसेल." दादा उठला. "कागद मी चिकटवला. वास मला आला नाही. तिने तर उसनं घेतलेलं परत ठेवलं. मालकीणबाईंना मी सांगतो."

"त्या काढून टाकतील तुला!"

"काढू देत. पण आधी हे साफ करू दे. घाण ठेवून गेलो म्हणायला नको कुणी."

त्याने मेन बंद केला. नव्या डब्याला बारीक नळी लावली आणि स्विच, रिले, जोडण्या, एकेक टोक धुतलं. काळपट पाणी फडक्यावर ओघळलं. दोनदा, तीनदा, फडकं कोरं निघेपर्यंत. मग घड्याळ लावून दहा मिनिटं. वासाचं काम आज बहिणीच्या नाकावर सोपवलं होतं.

"लिंबू?"

"नाही."

"नीट घे वास."

"नाही म्हटलं ना."

अडीच वाजता मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या, हातात काठी, बोलणं मोजकं. कॅन्टीनच्या टेबलाशी दादाने सगळं सांगितलं. मावशी पदर तोंडाला लावून उभी होती. डोअरकीपरने न विचारता टॉर्चचे दोन फुसकारे कबूल केले. मॅनेजरने चष्म्याचं सांगून टाकलं आणि वर, मोतीबिंदू नाही, हेही सांगितलं. कॅन्टीनवाल्याने चहाच्या किटलीच्या स्विचचं कबूल केलं, जे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मालकीणबाई सगळं ऐकून मावशीला म्हणाल्या, "निम्मा भरून ठेवलात? मोजून?"

"हो बाई."

"उद्यापासून कपाटाची किल्ली तुमच्याकडे. ज्याला जे हवं त्याने मागून न्यायचं." मग दादाकडे वळल्या. "ऑपरेटर, तुमचं मी आत्ता काही बोलत नाही. खेळ बघते आधी."

तीन वाजता त्रेचाळीस जण आपापल्या जागी बसले. आजींनी उशी पाठीला लावली. तिकीटखिडकीला पडदा ओढून बाई वर गेल्या. एकोणीस वर्षांत खेळ चालू असताना त्या कधीच या खोलीत आल्या नव्हत्या. दादा मशीनशेजारी स्टुलावर बसला होता. पडद्याकडे त्याची पाठ. नजर दिव्याच्या दारावर.

चार वाजून चाळीस. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. बेचाळीसला घसा साफ केला. खाली हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. सत्तेचाळीस झाले, एकोणपन्नास झाले. बाईंनी विणकामाची सुई इतकी घट्ट धरली होती की ती वाकली. त्रेपन्नला इन्स्पेक्टर म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. आणि मग, चार दिवस कुणी ऐकलं नव्हतं असं पुढचं वाक्य तो बोलला.

हॉलमधून एक मोठा सुस्कारा वर आला. पाठोपाठ आजींचा आवाज, "मी म्हटलं नव्हतं? डॉक्टर!" आणि एका मास्तरांचा, "हात्तिच्या! एवढंच? कालपर्यंत बरा होता सिनेमा."

पाच वाजून चार मिनिटांनी पडद्यावर शेवटचं नाव गेलं. दादाने दिवा मालवला, मशीनच्या पाठीवर हात ठेवला आणि मगच श्वास सोडला.

जिन्यावर काठी वाजू लागली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. बावीस पायऱ्या चढून मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. दादा उठून उभा राहिला. खिशातून जुडगा काढून त्याने तळहातावर पुढे धरला.

त्यांनी जुडग्याकडे पाहिलंच नाही.

"कसा वाटला सिनेमा, ऑपरेटर?"

"पाहिला नाही, बाई," दादा म्हणाला. "मी दिव्याकडे बघत होतो."

मालकीणबाईंनी धाप आवरली, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरायला वळल्या.

"मग उद्याही तिकडेच बघा," त्या म्हणाल्या.